आराम हवा आणि वळणात पकडही: सस्पेन्शनची घडी कशी बसवायची?

खडीवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाडी सहा वर्षांची हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा). वेगात लेन बदलली की ती आधी अंग टाकते आणि मग वळते, ही माझी पहिल्यापासूनची तक्रार. म्हणून गेल्या वर्षी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या, मूळच्यापेक्षा कडक स्प्रिंगा घातल्या. शॉकॲब्सॉर्बर होते तेच ठेवले.

गाडी दिसायला छान झाली, पण वडिलांना मागच्या सीटवर बसवून नेलं तेव्हा अर्ध्या तासातच त्यांनी कमरेला हात लावला. ते बोलले काहीच नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. बरं, वळणात तरी सुधारणा व्हावी! गुळगुळीत वळणावर गाडी बरी वाटते. मात्र वळणातच एखादी खाच आली की पुढून दाणकन् आवाज येतो आणि गाडी वीतभर बाहेर सरकते. आधी असं कधीच होत नव्हतं.

म्हणजे आराम गेलाच, वर पकडही गेली. एक सोडलं की दुसरं मिळतं असं आजवर ऐकत आलो होतो. माझ्या हाती दोन्हीतलं काहीच कसं लागलं नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

वंगण

खडीवाट, तुमचं उत्तर त्या "दाणकन्"मध्ये आहे. स्प्रिंग कितीही कडक असली तरी आवाज करत नाही, ती ढकलते. आदळतो तो बंप स्टॉप, म्हणजे शॉकच्या दांड्यावर वरच्या बाजूला ओवलेला फोमसारखा ठोकळा. मूळ गाडीत त्या ठोकळ्यापर्यंत ६५ मिलिमीटर जागा होती असं धरा. त्यातली ३५ तुम्ही गाडी उभी असतानाच खर्च केली. उरली ३०. त्यात चार माणसं बसली की जेमतेम वीसभर.

आता वळणाचं बघा. बाहेरचं पुढचं चाक वळणात आधीच दबलेलं असतं. तेवढ्यात खाच आली, चाक ठोकळ्याला टेकलं, आणि त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कित्येक पटींनी वाढला. सगळा भार झटक्याने त्या एका टायरवर येतो आणि टायर सुटतो. वडिलांच्या कमरेला बसलेला दणका आणि वळणातली ती घसरण, दोन्हींचं मूळ हेच असणार.

खात्री करून घ्या. पुढच्या शॉकचं रबरी बूट वर सरकवा आणि चकचकीत दांड्यावर बारीक केबल टाय बांधा, बोटाने सरकेल इतपतच घट्ट. तो खाली शॉकच्या तोंडाशी टेकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारून या. टाय जिथपर्यंत वर गेलेला दिसेल तितका ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला असलेली जागा, वापरला गेला. नव्या स्प्रिंगा निवडण्याआधी हे माप हवंच.

खडीवाट

आजच करून पाहिलं. टाय पार ठोकळ्यात रुतलेला. उजवा ठोकळा काढून हातात घेतला. खालच्या दोन वळ्या चपट्या होऊन एकमेकींना चिकटल्यात, एका बाजूने उभी भेग गेली आहे आणि भेगेत बोट फिरवलं की पिवळी भुकटी लागते. डाव्याची अवस्था त्याहून थोडी बरी. म्हणजे वर्षभर मी स्प्रिंगवर नाही, या फोमवर गाडी चालवत होतो.

लंबक

वंगण यांच्याशी पूर्ण सहमत. मुळातून समजून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने लिहितो.

सस्पेन्शनवरची गाडी म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेलं वजन. दाबून सोडलं की ती आपल्या ठरलेल्या गतीने वरखाली होते. आरामासाठी बांधलेल्या गाड्यांमध्ये ही गती सेकंदाला १ ते १.५ वेळा, म्हणजे १ ते १.५ हर्ट्झ असते, स्पोर्ट्स गाड्यांमध्ये १.५ ते २ च्या आसपास. हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या रेसच्या गाड्या ३ च्याही पुढे जातात. चाक आणि एक्सल यांची स्वतःची गती मात्र वेगळी असते, साधारण १० ते १५ हर्ट्झ. बसलेल्या माणसाच्या शरीराला वरखाली होणारी ४ ते ८ हर्ट्झची थरथर सर्वांत जास्त छळते, कारण पोट आणि पाठीचा कणा त्याच पट्ट्यात साथ देऊ लागतात. उलट टोकाला ०.२ हर्ट्झच्या आसपासच्या संथ हेलकाव्यांनी मळमळतं, बोट लागते ती त्यामुळेच. या दोन संकटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आपल्याला गाडी बसवायची असते.

आता ट्रॅव्हलशी याचा संबंध. साध्या, सरळ दराच्या स्प्रिंगवर १ हर्ट्झ हवा असेल तर गाडीच्या वजनाने ती २५ सेंटिमीटर दबलेली असायला हवी. १.५ ला ११ सेंटिमीटर, २ ला फक्त ६. गती दुप्पट करायची तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते. म्हणून मऊ गाडीला जागा लागतेच. तुम्ही जागा निम्म्याहून जास्त कमी केलीत आणि स्प्रिंग थोडीशीच कडक केलीत. अशा गाडीला ठोकळ्यावर आदळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अपेक्स

थोडा विरोधी सूर लावतो. मी ट्रॅकवर गाडी चालवतो. कडक स्प्रिंग आणि जाड स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं आवरणारा दांडा) घातल्यावर माझा लॅप टाइम खाली आला, हे घड्याळाने दाखवलंय. स्टीअरिंग फिरवताक्षणी गाडी उत्तर देते, कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) हलत नाही. गाडी कलत असेल तर ती पकडणार कशी? मऊ सस्पेन्शनचं इतकं कौतुक मला पटत नाही.

लंबक

अपेक्स, तुमचा अनुभव ट्रॅकपुरता बरोबरच आहे. तिथला रस्ता पाटासारखा असतो आणि टायर चांगला चालण्यासाठी कॅम्बर सांभाळणं फार मोलाचं असतं. पण "कलते म्हणून पकड जाते" हा समज तपासून घेऊ.

१२०० किलोची गाडी धरा. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, दोन चाकांमधलं अंतर १.५ मीटर, वळणाचा जोर ०.६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार होतो १२०० × ०.६ × ०.५५ ÷ १.५, म्हणजे २६४ किलो. या हिशोबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच येत नाही. गाडी कलली काय आणि ताठ राहिली काय, तेवढा भार जाणारच. कलल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाजूला सरकतो, पण तो फरक फार लहान असतो.

खडीवाट यांच्यासारखी गाडी पूर्ण ३५ मिलिमीटर खाली आणली तर तोच आकडा २४७ होतो. १७ किलोंचा फायदा, आणि त्यापायी ट्रॅव्हल निम्म्यावर!

स्प्रिंग आणि बार यांच्या हाती एक मोठी गोष्ट मात्र असते: त्या २६४ किलोंची पुढच्या आणि मागच्या एक्सलमधली वाटणी. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या एक्सलवर आत-बाहेर जास्त तफावत पडते ती आधी सुटते. पुढे जाड बार घातला तर नाक बाहेर जाऊ लागतं, मागे घातला तर शेपूट हलकी होते. हँडलिंग जुळवतात ते इथे.

झडप

शॉक दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे माझ्या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

शॉकॲब्सॉर्बर हे नावच फसवं आहे. धक्का स्प्रिंग पोटात घेते. शॉक त्या स्प्रिंगला उड्या मारत राहू देत नाही, तिची ऊर्जा तेलातून उष्णता करून घालवतो. आराम आणि पकड यांचा जो झगडा लोक स्प्रिंगवर लादतात तो बराचसा इथेच मिटतो, कारण शॉकला वेग कळतो. स्प्रिंगला फक्त अंतर कळतं.

गाडी वळणात कलते, ब्रेकला नाक खाली घालते, तेव्हा शॉकमधला पिस्टन अगदी सावकाश सरकतो, सेकंदाला काही सेंटिमीटर. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की तोच पिस्टन सेकंदाला मीटरभर वेगाने धावू शकतो. चांगल्या शॉकमध्ये सावकाश हालचालीला ठाम विरोध असतो आणि वेग वाढला की झडप उघडून तेलाला वाट करून देते. पिस्टनच्या तोंडाशी पातळ पोलादी चकत्यांची चळत असते, एकेक चकती ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाड. मी एक ०.१५ ची काढून तिथे ०.२ ची बसवली आणि गाडीचा मालक एका फेरीनंतर सांगायला आला, "वेगळीच गाडी वाटते." तेव्हापासून कुणी स्प्रिंगची गोष्ट काढली की मी आधी शॉकची विचारपूस करतो.

दाबतानाचा विरोध आणि सुटतानाचा विरोध सारखे नसतात. साध्या गाड्यांमध्ये सुटतानाचा दुपटी-तिपटीने जास्त ठेवतात. चाक वर जाताना त्याला मोकळं जाऊ द्यायचं आणि दबलेली स्प्रिंग परतताना तिला धरून सोडायचं. खडीवाट, तुम्ही कडक स्प्रिंग घातलीत म्हणजे परतीचा जोर वाढवलात. तो आवरायला मात्र सहा वर्षं झिजलेला जुना शॉक. एका उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असणार, बघा.

आणि उलट चूकही करू नका. सुटतानाचा विरोध फार वाढवला तर लागोपाठच्या खाचांवर चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी प्रत्येक खाचेला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी परत ठोकळ्यावर.

खडीवाट

झडप, हो, डुलते! वेगात पुलाच्या सांध्यावरून गेलं की मागून दोन हेलकावे स्पष्ट कळतात. मला वाटायचं रस्त्याचाच दोष.

मागची_सीट

मी गाडी चालवत नाही, कायम मागे बसते, म्हणून माझ्या बाजूने लिहिते. खड्ड्याच्या दणक्यापेक्षा मला जास्त त्रास होतो तो मान डाव्या-उजव्या बाजूला झटकण्याचा. घरी दोन गाड्या आहेत. एक मऊ, पण जाड स्टॅबिलायझरची. तीत एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की मान फेकली जाते. दुसरी थोडी कडक असूनही अशी झटकत नाही. हे असं का?

वंगण

अगदी नेमकं टिपलंत, ताई. बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो, विरोध करत नाही. एकच चाक वर गेलं की पिळला जातो, म्हणजे त्या चाकाला जास्त कडक स्प्रिंग मिळते आणि धक्क्याचा थोडा वाटा पलीकडच्या बाजूलाही जातो. बाकी गाडी मऊ आणि बार जाड, अशी जोडी रस्त्यावर म्हणूनच वाईट. धागाकर्त्यांच्या गाडीत मागचा टॉर्शन बीम स्वतःच पिळून बारचं काम करतो, तिथे आणखी बार घालायची घाई नको.

खाली बसवण्याचा आणखी एक तोटा कुणी लिहिला नाही. मॅकफर्सन गाडी खाली आणली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली घसरतो. म्हणजे कलायला लावणारी तरफ लांब होते. कडक स्प्रिंगने कमावलेलं त्यातच थोडं जातं.

हवा_बघा

टायर विसरू नका मंडळी. २०५/५५ आर १६ वर रबराची उंची ११३ मिलिमीटर, २२५/४० आर १८ वर ९० मिलिमीटर. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ६३२ आणि ६३७. त्या २३ मिलिमीटर रबराच्या जागी धातू आला, आणि बहुतेकदा चाक जडही झालं. बारीक खरखर सस्पेन्शनपर्यंत पोचायच्या आधी टायरच गिळतो. शॉक तिथे हलतसुद्धा नाही. दारावरच्या पट्टीत लिहिलेला हवेचा दाब पाळला तरी निम्म्या तक्रारी कमी होतात.

खडीवाट

मी मायलेजसाठी पट्टीपेक्षा ५ पीएसआय जास्त भरत होतो. आजपासून बंद.

एक शंका: कुणीतरी सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे कडक बुश बसवायला सुचवलंय. स्टीअरिंग धारदार होतं म्हणतात.

झडप

होतं. पण मागेपुढे होणारी चाकाची हालचालही अडते. खाचेवर चाकाला किंचित मागे जाऊ दिलं तर धक्का मवाळ होतो, आणि मूळ बुश नेमकी तेवढी मुभा देतो. बुश मऊ असणं हा दोष नाही, तो कुठल्या दिशेने मऊ आहे ते पाहायचं. १९७७ च्या पोर्शे ९२८ मध्ये मागच्या एक्सलची जोडणी अशी केली होती की ब्रेक लागला, वेग सोडला की चाकं किंचित आत वळायची आणि गाडी आणखी स्थिर व्हायची. रबराची लवचीकताच तिथे कामाला लावली होती. घट्ट ठोकून बसवलेल्या बुशांनी हे साधलं नसतं.

जुनंपान

सुरेख धागा. मागच्या सीटचा विषय निघालाच आहे तर सस्पेन्शनचे अभियंते मॉरिस ऑली यांची आठवण काढतो. रोल्स-रॉइसमधून ते १९३० मध्ये कॅडिलॅककडे गेले आणि तिथे वजनं मागेपुढे सरकवता येतील अशी गाडी बांधून त्यांनी प्रवाशांवर प्रयोग केले. त्यांना दिसलं की पुढच्यापेक्षा मागची स्प्रिंग थोडी जास्त गतीची हवी. कारण साधं आहे. ७२ किलोमीटर वेगाला उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो आणि २.६ मीटर मागच्या चाकाला ०.१३ सेकंदाने. मागची बाजू उशिरा हलू लागते. ती थोडी चपळ असेल तर पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी झोके खाण्याऐवजी सपाट वरखाली होते. सपाट हालचाल माणसाला सोसवते, डोकं पुढेमागे झुकवणारे झोके सोसवत नाहीत.

मऊपणा आणि रस्त्याला धरून राहणं एकत्र नांदतात याचे दाखलेही जुने आहेत. १९४८ च्या सिट्रोएन २सीव्हीमध्ये पुढचं आणि मागचं चाक स्प्रिंगने जोडलेलं होतं. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फोडता जावी, ही तिच्यामागची अट. गाडी वळणात भरपूर कलायची, पण चाकं जमीन सोडायची नाहीत. पुढे १९५५ च्या डीएसमध्ये स्प्रिंगच्या जागी नायट्रोजन वायू आणि तेल आलं. कितीही माणसं बसली तरी गाडीची उंची तीच, त्यामुळे ट्रॅव्हल कायम शाबूत.

अपेक्स

आणि फॉर्म्युला वन शर्यतींतली विल्यम्सची १९९२ ची ॲक्टिव्ह सस्पेन्शनवाली (संगणकाने गाडीची उंची सांभाळणारी) एफडब्ल्यू१४बी? ती तर अजिंक्यपद घेऊन गेली.

जुनंपान

हो, आणि १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये ते तंत्रच बंद केलं गेलं. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये सोपी वाट रूढ झाली: स्प्रिंग तीच ठेवायची, शॉकचा विरोध क्षणाक्षणाला बदलायचा. संशोधक कार्नॉप आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्याचा विचार मांडला होता, गाडी जणू आकाशाला बांधलेल्या शॉकला लटकते आहे असं समजून विरोध ठरवायचा. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये लोहकण मिसळलेलं तेल आलं. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की ते तेल घट्ट होतं. पण बटण दाबून "स्पोर्ट" केलं तरी ठोकळ्यापर्यंतची जागा काही वाढत नाही, हे ध्यानात ठेवा.

खडीवाट

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो.

मूळ उंचीच्या मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. शॉक चारही नवे घेतले, सावकाश हालचालीला मूळच्यापेक्षा थोडे ठाम, पण वेगाच्या धक्क्याला मोकळे, झडप यांनी सांगितलं तसे. ठोकळे नवे, हवा पट्टीप्रमाणे. बार आणि बुशांना हात लावला नाही.

केबल टाय परत बांधून त्याच रस्त्यावर गेलो. टाय ठोकळ्याच्या १४ मिलिमीटर अलीकडे थांबला. तीच खाच, तेच वळण, तोच वेग. आवाज नाही, सरकणं नाही. चाक खाली गेलं, वर आलं आणि स्टीअरिंगमध्ये फक्त एक हलकी चाहूल लागली. कलते आजही, पण आता एकदम अंग टाकत नाही. सावकाश कलते आणि तिथेच थांबते, त्यामुळे हातांना पुढचं आधीच कळतं. पुलाच्या सांध्यावर एकच हेलकावा. वडिलांना दोन तास नेलं. मी आरशातून त्यांच्या हाताकडे बघत होतो. तो खिडकीच्या कडेवरच होता.

एकच खटकतंय. खालून एक बारीक करकर येते, अगदी हळू चालवताना, आणि गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा पुढून ५-६ मिलिमीटर वर बसली आहे.

वंगण

वाचून फार बरं वाटलं.

करकरीबद्दल: स्ट्रटसाठी लोअर आर्म सोडले होते का? सोडले असतील तर आर्मच्या बुशचे बोल्ट परत आवळताना गाडी चाकांवर उभी होती की लिफ्टवर लटकत होती?

खडीवाट

आर्म सोडले होते. आवळताना गाडी लिफ्टवर, चाकं मोकळी लटकत होती.

वंगण

मग तेच. रबर त्या लटकत्या स्थितीत जखडलं गेलं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहिलं. ते गाडीला वर ढकलतं, करकरतं आणि वर्षभरात फाटतं. ते बोल्ट सैल करा, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी करा, पुढून दोन-चारदा दाबून सोडा आणि मग त्याच स्थितीत ठरलेल्या टॉर्कला आवळा. त्यानंतर अलाइनमेंट. आधी नको, उंची बदलली की टो (चाकांचा आत-बाहेर रोख) बदलतो.

खडीवाट

उद्या सकाळीच करतो. उंची मोजून इथे लिहीन.